काजवे, चूल आणि हंडा



मे महिना सरत येतो, वळवाच्या एक-दोन सरी पडून जातात आणि अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या आसपास काजवे दिसू लागतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशी झाडंच्या झाडं रात्री लुकलुकतात. मुंबई, पुणे, नाशिकहून गाड्यांची रीघ लागते. येणाऱ्यांमध्ये कॉलेजातली आणि नुकती नोकरीला लागलेली मुलं-मुली मोठ्या संख्येने असतात. या वेळचं संपादकीय या सहलींवर आहे हे पाहून काही जणी म्हणतील, मारहाण, पोटगी, रेशन, रोजगार हे प्रश्न आ वासून उभे असताना हा विषय कशाला? पर्यटन हा बायकांच्या श्रमाचा, पाण्याचा आणि मालकीचा प्रश्न आहे, म्हणून तो आपला आहे. तो आपण आजवर पुरेसा उचललेला नाही, इतकंच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. तरुण मुली घराबाहेर पडतात, डोंगर चढतात, मैत्रिणींबरोबर मुक्कामाला जातात याचा मला मनापासून आनंद आहे. आपल्या आयांच्या वाट्याला प्रवास म्हणजे माहेर, लग्नकार्य, फार तर पंढरपूर आणि जेजुरी. तेही कुणाच्या तरी सोबतीने आणि परवानगीने. आज एकोणीस वर्षांची मुलगी पाठीवर सॅक टाकून कळसूबाई चढते, तेव्हा तिच्यामागे घरातल्या कितीतरी भांडणांचा इतिहास असतो. फिरणं हा बाईचा हक्क आहे. म्हणून ‘हल्लीची पोरं कुठंही हुंदडतात आणि घाण करतात’ या सुरात मला सूर मिसळायचा नाही. त्या सुरात पोरांपेक्षा पोरीच जास्त झोडपल्या जातात, हे आपल्याला ठाऊक आहे.

या पिढीला पर्यावरणाचं काही पडलेलं नाही, हेही खरं नाही. विद्यार्थ्यांच्या शिबिरांतून मी त्यांच्याशी बोलते. प्लॅस्टिकची बाटली नको, गडावर कचरा नको, गोंगाट नको, हे त्यांना सांगावं लागत नाही. हवामानबदलाबद्दल त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहिती असते. जगभरात पर्यटनामुळे हवेत जाणारे हरितगृह वायू एकूण वायूंच्या सुमारे ८ टक्के भरतात, असा हिशोब २०१८ साली शास्त्रज्ञांनी मांडला होता. तो आकडा मला एका विद्यार्थिनीनेच पहिल्यांदा सांगितला. तरीही ही जाणती मुलं चौघं-चौघं मिळून स्वतंत्र गाडी करून येतात, काजव्यांवर मोबाइलचा उजेड मारतात आणि निघताना रिकाम्या बाटल्या झुडपात राहतात. कळतं पण वळत नाही, असं म्हणून आपण मोकळ्या होतो. पण का वळत नाही, हे बघायला हवं.

अमेरिकेतल्या एका हॉटेलात झालेला प्रयोग या बाबतीत उपयोगी आहे. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. पाहुण्यांनी रोज नवा टॉवेल न मागता जुनाच पुन्हा वापरावा म्हणून खोल्यांत चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. काही खोल्यांत ‘पर्यावरण वाचवायला मदत करा’ अशी चिठ्ठी होती. काहींत ‘याच खोलीत पूर्वी राहिलेल्या बहुतेक पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला’ असं लिहिलं होतं. पहिल्या चिठ्ठीला सुमारे ३७ टक्के पाहुण्यांनी प्रतिसाद दिला, दुसरीला सुमारे ४९ टक्के. उपदेशापेक्षा आपल्यासारख्या माणसांच्या वागण्याचा परिणाम जास्त झाला. बचत गट बांधताना आपण हेच अनुभवतो. पहिल्या पाच जणी पैसे भरतात, मग सहावी येते. तेव्हा तरुणांशी बोलताना निसर्गाची महती गाण्यापेक्षा त्यांच्यातल्याच चार जणी वेगळ्या कशा फिरल्या, ते दाखवणं जास्त उपयोगाचं.

मात्र मला याच्या पुढचा प्रश्न विचारायचा आहे. समजा, सगळी मुलं पर्यावरणाची काळजी घेत फिरू लागली. त्या काळजीचं ओझं कुणाच्या डोक्यावर येईल?

काजव्यांचा हंगाम बघा. अंधारात चमकणारा तो उजेड म्हणजे नर-मादीचा एकमेकांना इशारा असतो. मादी पुढे ओलसर मातीत अंडी घालते. गाड्यांचे दिवे आणि टॉर्च यांनी तो इशारा बुजतो, झाडाखालची माती तुडवली गेली की पुढची पिढी चिरडली जाते. वनखात्याने गेल्या काही वर्षांत रात्रीच्या वेळा, वाहनं आणि गोंगाट यांवर बंधनं घातली, ती योग्यच आहेत. पण काजव्यांच्या या काळाला गावातल्या बायका दुसऱ्याच नावाने ओळखतात. हा विहिरी तळाला गेल्याचा काळ. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं, शंभर वर्षं त्याने खालच्या भागातल्या ऊस-बागायतीला पाणी पुरवलं, आणि वरच्या आदिवासी वाड्यांची अवस्था धरण उशाला, कोरड घशाला अशी राहिली. पाऊस लागेपर्यंतचे ते शेवटचे तीन-चार आठवडे बाईच्या दिवसातले कित्येक तास हंड्याच्या हवाली असतात. नेमके तेव्हाच पाहुणे येतात.

“पाव्हणं आलं की पैकं येत्यात, त्ये खोटं न्हाई,” एका वाडीतली बाई मला म्हणाली. “पन पाव्हण्याला दोन बादल्या आंगूळीला लागत्यात. त्या दोन बादल्या माझ्या मानंवरनं येत्यात.”

या एका वाक्यात पर्यावरणपूरक पर्यटनाचं सगळं अर्थशास्त्र आहे. गावात घरगुती मुक्काम करावा, मोठ्या रिसॉर्टला पैसे देऊ नयेत, हा तरुणांचा निर्णय चांगलाच आहे. पण रिसॉर्टवर टँकर येतो, घरी हंडा येतो.

थर्माकोलच्या पत्रावळ्या गेल्या, हे बरं झालं. महाराष्ट्रात २०१८ सालीच त्यांच्यावर बंदी आली. आता पाहुणे स्टीलच्या ताटात जेवतात. वीस पाहुण्यांची ताटं, वाट्या, तांबे घासायचे म्हणजे आणखी पाणी आणि आणखी दोन तास. ते दोन तास मुक्कामाच्या दरात कुठे लिहिलेले असतात? पानांची पत्रावळ हा त्यावर उपाय आहे. पण पानं गोळा करणं आणि चोयांनी टाचणं हेही बाईचंच काम. त्याला वेगळा दर दिला तर तो रोजगार, नाहीतर वेठच.

आणि चूल! शहरातल्या मुलांना चुलीवरची भाकरी हवी असते. ती अस्सल, नैसर्गिक, पर्यावरणाला धरून आहे असं त्यांना वाटतं. ज्या धुराने बायकांची फुप्फुसं आणि डोळे जातात, तो कमी व्हावा म्हणून आपण वर्षानुवर्षं निर्धूर चुलीसाठी, गॅससाठी भांडलो. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. सिलिंडर घरात आला, पण भरून आणणं परवडत नाही म्हणून कित्येक घरांत तो कोपऱ्यात उभा राहिला. आता पाहुण्यांच्या पैशातून तो भरता येईल अशी स्थिती आली, तर पाहुण्यालाच चूल हवी! गॅस असलेल्या बाया पाहुण्यांसाठी पुन्हा फुंकणी हातात घेताना मी पाहिल्या आहेत. जळणाची मोळी डोंगरातून येते, म्हणजे झाडही तुटतं आणि बाईची पाठही मोडते. अशा भाकरीला पर्यावरणपूरक कसं म्हणायचं?

हे केवळ आपल्याकडचं नाही. अमेरिकेतल्या काही मोठ्या हॉटेलांनी ‘रोज खोली साफ करून घेऊ नका, पाणी वाचवा’ अशी योजना काढली आणि पाहुण्यांना त्याबद्दल छोटी सवलत दिली. पाहुण्याला पुण्य मिळालं. खोल्या आवरणाऱ्या बायकांचे मात्र कामाचे तास कापले गेले, आणि तीन-चार दिवस न झाडलेली खोली तेवढ्याच वेळात लख्ख करायची सक्ती आली. २०१८ साली तिथल्या हॉटेल कामगारांनी संप केला, त्यात ही तक्रारही होती. पाणी वाचवायला त्या बायकांचा विरोध नव्हता. वाचवलेल्या पाण्याची किंमत आपल्याच पगारातून का, एवढंच त्या विचारत होत्या.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेचा २०१९ चा अहवाल सांगतो की जगभरात पर्यटनात काम करणाऱ्यांपैकी ५४ टक्के स्त्रिया आहेत. एकूण अर्थव्यवस्थेत हे प्रमाण ३९ टक्के आहे. म्हणजे हा व्यवसाय बायकांच्या हातांवर उभा आहे. कमाईत मात्र त्या पुरुषांपेक्षा १४.७ टक्क्यांनी मागे. घरच्या व्यवसायात बिनपगारी राबणाऱ्या बायका तर कितीतरी. वाडीतली ती बाई त्यांतलीच. तिने कधी नोकरी केली नाही, पण हंगामात पहाटे चारला उठते.

पर्यटनाकडे बाईच्या नजरेने बघायची परंपरा आपल्या चळवळीत आहे, ती विसरून चालणार नाही. १९८७ साली गोव्यात ‘जागृत गोंयकारांची फौज’ने परदेशी पर्यटकांच्या विमानांचं स्वागत पत्रकं आणि शेणाने केलं. पंचतारांकित हॉटेलं पाणी पितात आणि शेजारच्या गावाच्या विहिरी आटतात, हा त्यांचा मुद्दा होता. त्याच काळात ‘बायलांचो साद’ या स्त्रियांच्या गटाने जाहिरातीतल्या गोव्याबद्दल, तिथे विकायला मांडलेल्या बाईबद्दल आवाज उठवला. तेव्हा पर्यटक श्रीमंत आणि परका होता, म्हणून विरोध करणं त्या मानाने सोपं होतं. आजचा पर्यटक आपला भाचा आहे, आपली मुलगी आहे, आपल्याच शिबिरात घोषणा देणारी कार्यकर्ती आहे. तिच्याशी भांडायचं नाही, तिला सोबत घ्यायचं आहे. काम म्हणूनच अधिक अवघड आहे.

चांगली उदाहरणं आहेत. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन तिथे कासवांच्या घरट्यांचं रक्षण सुरू केलं. पूर्वी अंडी पळवली जात. आता त्याच घरट्यांमुळे गावातल्या घरांत पाहुणे उतरतात, बायकांच्या हातचं जेवतात. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ या महिला बचत गटाच्या बाया स्वतः होडी वल्हवून कांदळवन दाखवतात, कुठलं झाड कोणतं ते सांगतात. मासेमारी करणाऱ्या घरांतल्या या बाया. खाडीचं ज्ञान त्यांच्याकडे होतंच, त्या ज्ञानाला मोल मिळालं. सातारा जिल्ह्यातलं कास पठार २०१२ साली जागतिक वारसा ठरलं, आणि तिथे फुलांच्या हंगामात रोज किती माणसं येणार यावर मर्यादा घालून प्रवेश-शुल्क गावांच्या वन व्यवस्थापन समितीमार्फत घेतलं जातं.

या तिन्ही ठिकाणी निसर्ग राखण्याचा आणि स्थानिकांच्या पोटाचा संबंध जोडला गेला. तरी मी तिन्हींना एकाच पंगतीत बसवणार नाही. घरी पाहुणे उतरले की स्वयंपाक बाईचा, आणि फोनवर दर ठरवणारा, पैसे घेणारा बहुधा घरातला पुरुष. होडीवर बाई बसली की चित्र बदलतं. काम तिचं, बोलणं तिचं, गटाच्या खात्यावर पैसे तिच्या सहीने. बाईला काम मिळालं म्हणजे तिला हक्क मिळाला असं होत नाही, हे रोजगार हमीच्या दिवसांपासून आपण शिकलो आहोत.

यातून मालकीचा प्रश्न येतो. जून २०२३ मध्ये राज्य सरकारने ‘आई’ हे महिला-केंद्रित पर्यटन धोरण मंजूर केलं. महिलांच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाख रुपयांपर्यंतच्या बँक कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळतो. वाचायला छान आहे. पण घर सासऱ्याच्या नावावर, सातबारा नवऱ्याच्या नावावर, तर बाई कशाची मालकीण? शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात बायकांच्या नावावर जमिनी करायला लावल्या, पुढे ‘घर दोघांचे’ मोहीम झाली. ते काम अर्धवट राहिलेलं आहे. पर्यटन गावात आलं की घराची किंमत वाढते, आणि घरातून बाईचं नाव काढून टाकण्याची घाईही वाढते. म्हणून नाव आधी लागलं पाहिजे, पाटी नंतर.

आणखी एका विषयावर बोलायला लाजून चालणार नाही. गडांवर, धबधब्यांवर मुलींना शौचालय नसतं. म्हणून त्या पाणी पीत नाहीत, मूत्रमार्गाचे आजार ओढवून घेतात. पाळी आली तर पॅड दगडाआड टाकतात, कारण दुसरी सोय नसते. मग ते कुणीतरी उचलायचं. ते उचलणारे हात कुणाचे असतात, हे आपल्याला सांगायला नको. २०१३ साली पुण्यातल्या कचरावेचक बायांनी वापरलेले पॅड थेट बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवून विचारलं होतं की विल्हेवाटीची जबाबदारी कुणाची? गडावर जाणाऱ्या प्रत्येक मुलीने पॅड कागदात गुंडाळून, खूण करून स्वतःबरोबर परत आणावं, ज्यांना जमेल त्यांनी पाळीचा कप किंवा कापडी घडी वापरावी. पण त्याच श्वासात पायथ्याला पाणी असलेलं, आतून कडी लागणारं शौचालयही मागावं. मुलींनी फक्त शिस्त पाळायची आणि सरकारने काहीच करायचं नाही, असा वाटा आपल्याला मान्य नाही.

तर मग काय करावं? आमच्या गटात झालेल्या चर्चेतून काही गोष्टी पुढे आल्या, त्या तुमच्यासमोर ठेवते.

फिरायला जाणाऱ्या मुला-मुलींसाठी: शक्य तिथे रेल्वेने कसारा किंवा इगतपुरीपर्यंत आणि पुढे एसटीने जा. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्याचा उपयोग करा. उन्हाळ्याच्या टोकाला आंघोळीचा हट्ट धरू नका, एक दिवस न्हाणं चुकलं तर बिघडत नाही. आपलं ताट आपण घासा, मुलांनीही. चुलीची फर्माईश करू नका, बाई गॅसवर जे रांधेल ते गोड मानून खा. घासाघीस करण्याआधी स्वयंपाक, पाणी, भांडी, अंथरुणं हे सगळं किती तासांचं काम आहे ते विचारा. आणि पैसे जिने राबून खाऊ घातलं, तिच्या हातात किंवा तिच्या खात्यावर द्या.

गावातल्या महिला मंडळांसाठी आणि बचत गटांसाठी: दर एकत्र बसून ठरवा, म्हणजे पाहुणा एका बाईला दुसरीविरुद्ध खेळवणार नाही. त्या दरात पाण्याचे तास धरा. वाडीत एका वेळी किती पाहुणे चालतील, हा आकडा विहिरीकडे बघून ठरवा. अकोल्याचा मोठा आदिवासी भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला आपल्या साधनसंपत्तीबद्दल बोलायचा अधिकार दिला आहे. प्रवेश-शुल्काचे पैसे किती जमले आणि कशावर गेले, हा हिशोब ग्रामसभेत मागा. त्यातला पहिला खर्च पाण्यावर व्हावा असा ठराव करा.

शहरातल्या आपल्या कार्यकर्त्यांसाठी: कॉलेजांत, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत हा विषय न्या. निसर्ग वाचवा म्हणणाऱ्या मुलांना बाईच्या कामाचा दिवस मोजायला शिकवा. एक साधी कृती करून बघा. सहलीला गेलेल्या गटाने वापरलेल्या पाण्याच्या बादल्या मोजायच्या, आणि त्यांतला निदान एक हंडा विहिरीपासून घरापर्यंत स्वतः आणायचा. ज्या मुलांनी हे केलं, त्यांना पाणी जपून वापरायचा वेगळा उपदेश करावा लागला नाही, असा माझा अनुभव आहे. त्यातल्या मुलांनी ते इतर मुलांना सांगितलं की बाकीचं काम आपोआप पुढे सरकतं.

पर्यावरणाचा प्रश्न मांडणाऱ्या मित्रांनाही एक सांगणं आहे. टिकाऊ पर्यटन म्हणजे झाड, प्राणी, पाणी टिकणं, असं तुम्ही म्हणता, ते बरोबर आहे. त्या यादीत बाईची पाठ, तिचे डोळे आणि तिची झोपही घाला. जे पर्यटन तिला टिकू देत नाही, ते डोंगरालाही फार काळ टिकू देणार नाही, कारण त्या डोंगराची राखण आजवर तिनेच केली आहे.

तुमच्या भागात काय चित्र आहे? कोकणातल्या, सातारच्या, मेळघाटातल्या मैत्रिणींनी आपापल्या गावचा हिशोब आम्हाला लिहून पाठवावा: पाहुणे किती, पाणी किती, पैसे कुणाच्या हातात. त्याबरोबर तुमच्या गटाने ठरवलेले दर आणि ग्रामसभेत केलेले ठरावही पाठवा. पुढच्या अंकात ते सगळं एकत्र छापू, म्हणजे एका गावाचा ठराव दुसऱ्या गावाला उपयोगी पडेल. वाट बघते.